प्लॅनमध्ये नसलेलं चीज

रविवारी दुपारी केतकीने मला फोटो पाठवला. वजनकाटा, त्यावर तिच्या आईची पावलं आणि पावलांच्या मधे आकडा. खाली फक्त एक प्रश्नचिन्ह.

आकडा आधीच्या फोटोपेक्षा मोठा होता. फार नाही, अर्ध्या किलोने. पण आमच्या कामात अर्धा किलो कुठल्या दिशेला गेला याला महत्त्व असतं. खाली गेला तर क्लायंट गप्प बसतो. वर गेला तर फोन करतो. केतकीचा फोन लगेच आलाच.

“वर्षाताई, आई फक्त तुमच्याकडचं खाते. मग वाढतं कसं?”

“बघते,” मी म्हटलं.

“डॉक्टर तारीख देणार नाहीत हो. त्यांनी स्पष्ट सांगितलंय.”

ते मलाही माहीत होतं.

आधी ओळख करून देते. मी डाएटिशियन. बरीच वर्षं हॉस्पिटलमध्ये काढली. पेशंटला कागदावर डाएट लिहून द्यायचं आणि तो कागद त्याच्या फ्रिजवर मॅग्नेटखाली पिवळा पडायचा. याचा कंटाळा आला तेव्हा मुलुंड पश्चिमेला एक किचन सुरू केलं. आता आम्ही कागद देत नाही, डबा देतो. दोन्ही वेळचं जेवण एकदमच जातं. भाजी किती ग्रॅम, तेल किती चमचे, फुलके किती, हे मी ठरवते. प्रत्येक क्लायंटचं एक कार्ड ओट्यावरच्या दोरीला क्लिप लावून टांगलेलं असतं. डबा भरणारी बाई ते कार्ड बघून, एकेक पदार्थ काट्यावर ठेवून भरते. डबे स्टीलचे, प्रत्येकाचे दोन सेट. आजचा भरलेला जातो, कालचा धुतलेला परत येतो. प्लास्टिकचा कचरा नको म्हणून मी मुद्दाम स्टील ठेवलं होतं.

केतकीची आई म्हणजे नलिनीकाकू. तेव्हा त्या मुलुंड पूर्वेला एका जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत होत्या. लिफ्ट नाही. दोन्ही गुडघे गेलेले. दिवाळीनंतर त्या एकदाही खाली उतरल्या नव्हत्या. भाजीवाल्याला खिडकीतून ओरडून सांगायचं आणि तो देईल ती वांगी मुकाट्याने घ्यायची, याचा त्यांना गुडघ्यांपेक्षा जास्त त्रास व्हायचा. ऑपरेशन करायचं ठरलं होतं. पण सर्जन म्हणाले, आधी वजन, मग गुडघे. वजन जास्त असलं की भूल देण्यात धोका वाढतो आणि नव्या सांध्यावर भार येतो. त्यांनी एक आकडा दिला. त्याच्या खाली या, तारीख देतो.

केतकी बोरिवलीला राहते. नोकरी आणि मुलाची बारावी. रविवारी येऊन जायची, आईचं वजन करायची आणि मला फोटो पाठवायची.

पहिल्यांदा मी काकूंकडे गेले तेव्हा नेहमीची यादी घेऊन बसले होते. सकाळी काय, चहात साखर किती, तळलेलं किती वेळा. काकूंनी सगळी उत्तरं नीट दिली. नोकरीत त्या टायपिस्ट होत्या, फोर्टात एका विमा कंपनीत. बोलणंही टाइप केल्यासारखं, खाडाखोड नसलेलं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या, “भात बंद करा. साखर बंद करा. बटाटा नको म्हणालात तर नको. माझ्या चीजला मात्र हात लावायचा नाही.”

केतकी म्हणाली, “आई, अगं त्याच्यानेच तर...”

“तू थांब गं. मी त्यांच्याशी बोलतेय.”

मग त्यांनी मला कारण सांगितलं. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये चीज टोस्ट मिळायचा. घरात सासूबाईंच्या आवडीचं व्हायचं, नवऱ्याच्या पथ्याचं व्हायचं, मुलीच्या डब्याचं व्हायचं. यांना काय आवडतं हे कोणी विचारलं नाही आणि यांनीही सांगितलं नाही. एकदा चीजचा डबा घरी आणला तर यांचं खाऊन होईपर्यंत सासूबाई नुसत्या बघत बसल्या, बोलल्या काहीच नाहीत. पुन्हा आणला नाही. दुपारी कॅन्टीनमध्ये टोस्टच्या कडेला वितळून चिकटलेलं चीज बोटाने काढून खायचं, तेवढं एक त्यांचं स्वतःचं होतं. रिटायर झाल्या तेव्हा सासूबाई नव्हत्या. मग फ्रिजमध्ये चीजचा डबा आला तो कायमचा.

आमच्या पेशाबद्दल लोकांना वाटतं की आम्ही माणसाच्या आवडीचं पहिलं काढतो. मी तरी तसं करत नाही. आवडीचं काढलं की माणूस थोडे दिवस शहाण्यासारखा वागतो आणि मग एका संध्याकाळी फ्रिज उघडून उभा राहतो. चीज प्लॅनमध्ये बसवता येतं. एका क्यूबमध्ये साधारण एका बिनतुपाच्या फुलक्याएवढ्या कॅलरी असतात. एक फुलका काढा, एक क्यूब घ्या. वाट लागते ती त्याच्याबरोबर येणाऱ्या बटरने, मैद्याच्या ब्रेडने आणि दुसऱ्या क्यूबने.

चीजबद्दल माझे नियम ठरलेले आहेत आणि ते कोणालाही घरी करता येतील. चीज आत भरायचं नाही, वर घालायचं, कारण आत गेलेलं डोळ्यांना दिसत नाही. तुकडे करायचे नाहीत, किसायचं, तेही बारीक भोकांच्या किसणीवर. किसलेलं थोडं असलं तरी भरपूर दिसतं. पदार्थ गरम झाल्यावर अगदी शेवटी घालायचं. बरोबर काहीतरी कुरकुरीत घ्यायचं, म्हणजे चावायला वेळ लागतो. आणि जिथे चीज, तिथे लोणी-तूप नाही.

काकूंच्या कार्डावर मी लिहिलं: चीज, एक क्यूब, किसून, छोट्या डबीत वेगळं. भाजी गरम करून त्यांनी वर घालून घ्यायचं. काकू खूश झाल्या, फ्रिजमधला चीजचा डबा त्यांनी आपणहून केतकीला देऊन टाकला. केतकीनेही मान हलवली, जरा नाइलाजाने.

सुरुवातीला वजन छान उतरलं. सर्जनचा आकडा टप्प्यात आला. काकू म्हणाल्या, “खाली उतरले की पहिल्यांदा त्या भाजीवाल्याकडे जाणार आहे. त्याला मी काय आहे ते कळू दे.” आणि मग वजन थांबलं.

थांबणं नवीन नाही. त्याला आम्ही प्लॅटो म्हणतो. कमी खाण्याला शरीर सरावतं आणि काही दिवस हट्ट धरून बसतं. मी केतकीला तसं समजावून सांगितलं होतं. पण प्लॅटोमध्ये काटा हलत नाही. इथे तो वर चालला होता.

मी कारणांची यादी केली आणि एकेक खोडत गेले. काकूंचा वजनकाटा बिघडला असेल. माझा नेऊन बघितला, आकडा तोच. पायांना सूज असेल, म्हणजे अंगात पाणी साठलं असेल. सूज नव्हती. थायरॉइड असेल, रिपोर्ट ताजा आणि व्यवस्थित होता. किचनमध्ये तेल सैल पडत असेल. बाकीच्या क्लायंटची वजनं उतरत होती. डबे अदलाबदली होत असतील. आमचे डिलिव्हरीचे मोरेकाका एकदाही चुकत नाहीत. यादीत शेवटचं कारण उरलं, जे अशा वेळी बहुतेक खरं निघतं. क्लायंट गुपचूप काहीतरी खातो.

मी काकूंकडे गेले. फ्रिजमध्ये दूध, लिंबं, डोळ्यांत घालायचे थेंब. बिस्किटांचा डबा उघडला तर त्यात सुईदोरा. खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंड्या, कढीपत्ता, गवती चहा, ओव्याची पानं. चोरून खाणाऱ्या माणसाचं घर मला ओळखता येतं. हे तसं नव्हतं.

“काकू, खरं सांगा. मी रागावणार नाही.”

“रागवा की. पण तुमच्या डब्याशिवाय मी काही खात नाही. चहा तेवढा, तोही बिनसाखरेचा.” मग त्यांनी विचारलं, “डबा भरतात त्या बाई कशा आहेत?”

“प्रभा? बरी आहे. का?”

“काही नाही. फुलक्यांची घडी फार सुरेख घालतात.”

मी ते कौतुक समजले. परत आल्यावर प्रभाला सांगितलंही, काकू तुझं नाव काढत होत्या म्हणून. प्रभा लाजली आणि कांदा चिरत राहिली.

प्रभा माझ्याकडे किचन सुरू झाल्यापासून आहे. माहेर कणकवलीकडचं, राहायला भांडुपला. हात साफ आणि जीभ फटकळ. काम सुरू असताना तिच्याशी बोललं तर उत्तर मिळतं, पण मान वर होत नाही.

दुसऱ्या दिवशी भांडी घासणाऱ्या बाईने दांडी मारली. आदल्या दिवशी परत आलेले डबे मोरेकाकांनी सिंकपाशी ठेवले होते, ते मीच उघडायला बसले. आलेले डबे घरून धुतलेले असले तरी आम्ही पुन्हा गरम पाण्यातून काढतो. काकूंचा डबा हातात घेतला तर तो हलका नव्हता. उघडला. आत गवती चहाची एक जुडी होती, पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली. खालच्या पुडात कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या.

“प्रभा, हे काय?”

“काकूंचं. येतं ते.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून. संक्रांतीला तिळगूळ आला होता बघा, तुम्हाला दिला की त्यातला. भरलेला डबा आला तर रिकामा परत देऊ नये, असं त्यांचं म्हणणं आहे. मोरेकाकांजवळ निरोप दिला होता तसा.”

आपल्याकडे हे सगळ्याच घरांत आहे. शेजारणीचा वाडगा परत करताना त्यात निदान साखर घालतात. माझी आईही घालायची. पण डबा सर्व्हिसचा डबा परत करताना असं कोणी केलेलं मी बघितलं नव्हतं. मला एकदम काहीतरी सुचलं. मी विचारलं, “आणि तू? तू परत काय घालतेस?”

प्रभाने ओटा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

“प्रभा.”

“तिळगूळ आल्यावर मग मी त्यांचा डबा नुसता कसा पाठवू?”

“नुसता कुठे? भरलेलाच जातो ना तो?”

“ते तुमचं. त्याचे पैसे येतात. माझं काय होतं त्यात?”

मी तिला म्हटलं, दाखव. तिने काकूंचा त्या दिवशीचा डबा उघडला. सगळ्यांना फुलके एकावर एक ठेवून जातात. काकूंचे घडी घालून ठेवलेले होते. तिने एक घडी उलगडली. आत चीजचा कीस होता, पांढरा, मऊ, कापसासारखा. दुसऱ्या घडीतही होता. रात्रीच्या पुडातही.

“माझ्या पैशाने आणते. एवढंच असतं,” प्रभा म्हणाली. “फुंकर मारली तर उडेल. तुम्हीच सांगितलंय ना, किसलं की नुसतं दिसतं भरपूर, असतं थोडं?”

मी काटा ओढला. वाटी ठेवली, टेअरचं बटण दाबलं. टेअर म्हणजे भांड्याचं वजन शून्य करणं, मग काटा फक्त आतल्या वस्तूचं वजन सांगतो. सगळ्या घड्यांमधला कीस वाटीत झटकला आणि बोटाने दाबला. तो दबून तळाशी गेला. दोन क्यूब आणि वर थोडं. कार्डावरच्या एका क्यूबव्यतिरिक्त.

प्रभा आकड्याकडे बघत राहिली. चिडली किंवा घाबरली की ती मालवणीवर येते. “माका काय म्हायत,” ती म्हणाली. मग, “ह्याच्यामुळे वाढलं काय त्यांचं?”

“ह्याच्यामुळेच.”

“मग ते ऑपरेशन?”

“पुढे जाणार.”

ती तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसली. म्हणाली, “त्यांना खाली उतरायचं होतं. मोरेकाका सांगायचे.”

मी तिला ओरडले नाही. काम करताना मी ओरडत नाही, निर्णय घेते. तिथेच उभी राहून निर्णय घेतले. काकूंचे फुलके इतरांसारखे जातील, घडी नाही. डबा भरून झाला की मी स्वतः बघणार. आणि काकूंचा डबा यापुढे स्टीलचा नाही, सील केलेला, एकदा वापरून टाकायचा. परत येणार नाही, म्हणजे त्यात काही घालायचा प्रश्नच नाही. प्रभाने सगळं ऐकून मान हलवली.

मग केतकीला फोन केला. क्लायंटच्या घरच्यांपासून चूक लपवायची नाही, हा माझा नियम आहे. केतकी म्हणाली, “म्हणजे आई रोज खात होती आणि मला एका शब्दाने बोलली नाही.” मी म्हटलं, तसं नाही, चूक किचनची आहे. तिने ते ऐकलं की नाही, कोण जाणे.

शेवटचा फोन काकूंना.

“मला वाटलं, तुमच्याकडून येतंय म्हणजे मोजलेलं असणार,” काकू म्हणाल्या. “नाही, खोटं कशाला बोलू. ते प्रभाचं आहे हे मला कळलं होतं. पण त्याने असं होईल असं वाटलं नाही. फुलका उलगडला की मजा वाटायची हो.”

“तुमची चूक नाही काकू.”

“बरं. मग हा गवती चहा कशात घालून पाठवू?”

“आता काही पाठवू नका. तुम्ही फक्त वजनाकडे लक्ष द्या.”

“बरं,” काकू म्हणाल्या.

वजन उतरायला लागलं. लगेच, आणि चांगलंच. केतकीच्या फोटोखाली आता अंगठा असायचा. पण आकडे बघताना मला काहीतरी खटकत होतं. माझ्या हिशोबाने जेवढं उतरायला हवं, त्यापेक्षा ते जास्त उतरत होतं. स्टीलचा डबा परत येतो तेव्हा माणसाने काय टाकलं, काय उरवलं, हे पुष्कळदा कळतं. चव आवडली नाही, दात दुखतो, मन ठीक नाही, सगळं डब्यात दिसतं. टाकून द्यायच्या डब्याने माझा तो रस्ता बंद केला होता. शेवटी मोरेकाकांनाच विचारलं. ते म्हणाले, “दाराबाहेर कचऱ्याची पिशवी असते. त्यात ती चीजची छोटी डबी असते, बंदच्या बंद.”

मी काकूंना फोन केला. म्हणाल्या, भूक नसते हल्ली. चीज नको वाटतं. वजन तर उतरतंय ना?

उतरत होतं. सर्जनचा आकडा दोन पावलांवर होता. उपाशी राहून उतरलेलं वजन चांगलं नाही, त्यात स्नायू जातात, ऑपरेशननंतर त्याच स्नायूंवर उभं राहायचं असतं, हे मी काकूंना सांगितलं. डाळ, ताक, पनीर वाढवलं. ते त्या औषधासारखं संपवायच्या. चीजचा विषय मी बाजूला ठेवला. म्हटलं, आधी तारीख मिळू दे, मग त्यांचं चीज बघू. सर्जनसारखंच मीही एक आधी आणि एक मग ठरवून टाकलं.

तारीख मिळाली. ऑपरेशन नीट झालं. केतकीने फोन करून सांगितलं तेव्हा किचनमध्ये सगळ्यांना चहा झाला. प्रभा म्हणाली, आपण भेटायला जाऊ या. मी म्हटलं, टाके निघू देत. टाके निघाले तोवर काकू बोरिवलीला लेकीकडे गेल्या होत्या. फिजिओ तिथेच, लिफ्ट तिथेच. मुलुंडचं घर भाड्याने द्यायचं ठरलं. डबा अर्थातच बंद झाला. मी त्यांचं कार्ड दोरीवरून काढलं.

प्रभा दर सुट्टीच्या आधी विचारायची, जायचं काय? माझं काही ना काही निघायचं. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी गेलो. निघताना प्रभाने एक छोटी डबी काट्यावर ठेवली आणि मला बोलावलं. एक क्यूब, किसलेलं, बरोबर. “बघून घ्या,” ती म्हणाली. मी म्हटलं, अगं मी काय पोलीस आहे? तिने डबीला झाकण लावलं.

दार काकूंनीच उघडलं. हातात काठी, पण उभ्या ताठ. बऱ्याच बारीक झाल्या होत्या. त्यांनी प्रभाकडे निरखून बघितलं.

“ही प्रभा? मला वाटलं, माझ्याएवढी असशील.”

“मला वाटलं, तुम्ही चांगल्या जाड असाल,” प्रभा म्हणाली.

“होते की. तुझ्याच कृपेने.”

काकू हसल्या. मीही हसले. प्रभाचा चेहरा उतरला. काकूंच्या ते लक्षात आलं, त्यांनी तिचा हात धरला. “अगं, गंमत केली. ये, बस. चालून दाखवते तुला.” आणि खरंच हॉलमधून गॅलरीपर्यंत चालून दाखवलं, जाताना काठीने आणि येताना काठी हातात नुसती धरून. प्रभा बघत होती, तोंडावर हात ठेवून.

केतकीने चहा आणला, फरसाण आणलं. प्रभाने पिशवीतून डबी काढून काकूंपुढे ठेवली. म्हणाली, “मोजून आणलंय. मॅडमनी बघितलंय.”

काकूंनी झाकण उघडलं, बघितलं आणि परत लावलं. “ठेव गं. नंतर खाईन.”

“आई आता चीज खातच नाही,” केतकी म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता, मुलाने मोबाइल सोडला असं सांगताना असतो तसा. “मी म्हटलं खा एखादे वेळी, आता काय झालंय. तर नाही. एकदम शहाणी झालीय.”

केतकी आत गेली तेव्हा काकू माझ्याकडे वळल्या. हळू आवाजात म्हणाल्या, “सोडायचं म्हणून नाही सोडलं, वर्षाताई. एकदोनदा घेतलं होतं. तोंडात घातलं की वाटतं, कोणीतरी बघतंय. सासूबाई बघायच्या ना, तसं. तुमचा फोन आला त्या दिवशी केतकी मला बोलली ना, चोरून खात होतीस म्हणून. ती विसरली ते. रागात बोलली बिचारी.”

“काकू, तुम्ही चोरून नव्हता खात.”

“मला माहीत आहे हो. पण आता चव नाही लागत.”

प्रभाने ते ऐकलं. ती चहाचे कप उचलून आत ठेवायला गेली, दुसऱ्याच्या घरात, कोणी सांगितलेलं नसताना.

निघताना काकू लिफ्टने खाली आल्या, गेटपर्यंत. तिथल्या भाजीच्या गाडीवर त्यांनी आमच्यासमोर वांगी निवडली, एकेक हातात घेऊन, देठ बघून. भाजीवाला वैतागला होता. काकू मजेत होत्या. ते बघून बरं वाटलं, हे मी नाकारत नाही. ज्यासाठी हे सगळं केलं ते त्यांना मिळालं होतं.

बसमध्ये प्रभा म्हणाली, “चालतात पण झकास.”

“हो.”

“मग झालं तर.” आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

प्रभा अजून माझ्याकडेच आहे. तिचा डबा एका ग्रॅमने चुकत नाही. कोणाच्या फुलक्यांना घडी घालत नाही. काकूंची केस आमच्याकडे यशस्वी म्हणून नोंदलेली आहे, आणि नवे क्लायंट आले की केतकीच म्हणते, त्यांना मला फोन करायला सांगा, मी माझ्या आईचं सांगते.

आता मागे वळून हिशोब करते तेव्हा तो फारच सोपा दिसतो. कार्डावर एक क्यूब होताच. तोच तू तुझ्या हाताने फुलक्याच्या घडीत घाल, डबीतला बंद, एवढंच प्रभाला सांगायला हवं होतं. चीज आत भरायचं नाही हा माझा नियम मोडला असता, बाकी एक कॅलरीही वाढली नसती. गवती चहा येत राहिला असता. ऑपरेशन कदाचित थोडं उशिरा झालं असतं, पण झालं असतं. असे हिशोब मी रोज करते, लोक त्यासाठीच माझ्याकडे येतात. त्या दिवशी मी वाटीतला कीस बोटाने दाबला, आकडा वाचला आणि तिथेच थांबले.

आता कोणाच्या ताटातलं काही काढायचं असेल तर मी आधी विचारते, हे घातलं कोणी? किती घातलंय, ते काटा सांगतो.